पितळी वाटीखालचा वारा

पुण्यात नव्यानं उघडलेल्या कॅफेत शिरलं की मान आपोआप वर जाते. काळा रंगवलेला उघडा स्लॅब, त्यावरून धावणारे पाइप आणि मधोमध चार लाकडी पात्यांचा, पितळी वाटीचा, सावकाश फिरणारा पंखा. खाली बसलेल्याला गार वाटतं ते कोपऱ्यातल्या एसीमुळे. पंख्यानं फक्त ती गार हवा ढवळायची असते, आणि तेवढं तो व्यवस्थित करतो. घोटाळा होतो तो हाच पंखा आवडून कोथरूडच्या नाहीतर बाणेरच्या फ्लॅटमध्ये आणल्यावर. मे संपत आलेला, वळवाचे ढग जमलेले, पण पडायचं नाव नाही. रेग्युलेटर पाचवर, पंखा डौलात फिरतोय आणि सोफ्यावरचा माणूस घामाघूम. ‘मोटर बोगस आहे’ हा पहिला निष्कर्ष. तो कधी खरा असतो. पण पुष्कळदा पंखा त्याला ज्यासाठी घडवलं तेच इमानेइतबारे करत असतो आणि आपण त्याच्याकडून भलतंच मागत असतो. यातलं नेमकं काय चाललंय ते मोजून कळतं, आणि मोजायला फारसं काही लागत नाही.

छताच्या विजेच्या पंख्याचं श्रेय फिलिप डील या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन यंत्रकाराला दिलं जातं. १८८२ च्या सुमारास त्यानं शिलाई मशीनसाठी बनवलेली मोटर छताला टांगली आणि तिला पाती लावली. हंटर ही कंपनी १८८६ ची. त्या काळाच्या पुढेमागे जे पंखे झाले ते बिडाचे होते: जाड ओतीव बॉडी, तेलाच्या कुंडीत बुडालेलं बेरिंग, रुंद लाकडी पाती, वेग बेताचा. खोल्या उंच होत्या आणि खिडक्या मोठ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एसी घरोघर पोचला आणि हे पंखे उतरले. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, वीज वाचवायची गरज पडली, तेव्हा ते पुन्हा चढले, आणि चढताना आजोबांचा अंगरखा घालून चढले. पितळ, लाकूड, ओढायची साखळी, खाली काचेचे दिवे. आज दुकानात ‘व्हिंटेज’ म्हणून जो पंखा दाखवतात त्याचं घराणं बहुतेक वेळा १९०० च्या नव्हे, या १९७० च्या दशकातल्या पुनरागमनाचं असतं. घर गार करायला तिथं एसी होताच. पंख्यानं नुसती साथ द्यायची होती.

आपल्याकडे पंखा छतावरून कधी उतरलाच नाही. म्हणून आपला पंखा वेगळ्या वाटेनं गेला. ॲल्युमिनियमची तीन वळणदार पाती, १२०० मिलिमीटरचा घेर (पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास), मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेरे. दिसायला तो अगदी सरकारी. कचेरीत, वर्गात, मंगल कार्यालयात सगळीकडे तोच. पण वाऱ्याच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. भारतीय मानक आयएस ३७४ नुसार तपासलेला चांगला १२०० चा पंखा मिनिटाला २१० ते २३० घनमीटर हवा ढकलतो. अमेरिकन घाटाच्या ५२ इंची पंख्याच्या खोक्यावर ५००० सीएफएम असा आकडा पाहिला की छाती दडपते, पण तो घनफुटांत आहे. घनमीटरमध्ये आणला तर १४२ भरतो. म्हणजे घेर १३२० मिलिमीटर, आपल्या पंख्यापेक्षा चांगला मोठा, आणि वारा दोन तृतीयांश.

यात लबाडी नाही, हा सौदा आहे. १२०० चा पंखा ३८० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २४ मीटर धावतं, ताशी ८६ किलोमीटर. ५२ इंची पंखा १९० फेऱ्यांनी फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला १३ मीटर. पात्याचा आवाज टोकाच्या वेगाबरोबर फार झपाट्यानं वाढतो, त्यामुळे सावकाश फिरणारा पंखा जवळजवळ निःशब्द असतो आणि आपला भर्र करतो. शांतता हवी तर वारा थोडा सोडावा लागतो. दुकानदारानं हे सांगायला हवं, तो सांगत नाही. आणि गिऱ्हाइकानं विचारायला हवं, ते पात्यांच्या रंगात अडकलेलं असतं.

पुण्यापुरतं पाहिलं तर हा सौदा कधी परवडतो, कधी नाही. एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, घाम मंद वाऱ्यातही पटकन उडतो आणि सावकाश पंखाही पुरतो. खरी परीक्षा मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात. हवेत दमटपणा आला की घाम उडायला जोराचा झोत लागतो, आणि नेमका तोच या पंख्याकडे नसतो. मधल्या मजल्यावरच्या, दोन बाजूंनी खिडक्या असलेल्या बैठकीच्या खोलीत तो खुशाल लावावा. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेच्या बेडरूममध्ये लावायचा असेल तर दहादा विचार करावा.

आता बाजारात ‘अँटिक’ नावाखाली दोन जातीचे पंखे मिळतात, ते आधी वेगळे करायला हवेत. एक म्हणजे आपलीच नेहमीची मोटर, नेहमीचा वेग, वरून तांब्या-पितळेच्या रंगाची बॉडी आणि लाकडी नक्षीची छपाई केलेली पाती. याला देशी म्हणू. यात मोटरची बॉडीच पात्यांसकट फिरते आणि फिरता फिरता स्वतःला वारा घेऊन गार राहते. दुसरा अमेरिकन घाटाचा: वरची पितळी घंटा स्थिर, आत चपटी मोटर, तिच्या फिरत्या बाजूला ब्रॅकेटनं चार किंवा पाच पाती जोडलेली. देशी प्रकारात वाऱ्याची तक्रार सहसा येत नाही. आली तर ती रंगाची आणि पात्याच्या छपाईची येते. या लेखातला बाकीचा बहुतेक मजकूर दुसऱ्या जातीबद्दल आहे, कारण फसगत तिथं होते.

मोटरचं माप धंद्यात दोन आकड्यांत सांगतात: १५३ बाय १५, १७२ बाय १४, १८८ बाय २० असं. पहिला आकडा स्टॅम्पिंगचा, म्हणजे मोटरमधल्या लोखंडी चकत्यांचा व्यास, दुसरा त्या चकत्यांच्या थप्पीची जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मोटर किती पीळ (फिरवण्याचा जोर) देऊ शकते ते ढोबळमानानं व्यासाच्या वर्गावर आणि जाडीवर ठरतं. १५३ चा वर्ग गुणिले १५ आणि १८८ चा वर्ग गुणिले २० करून पाहा. दुसरी मोटर पहिलीच्या जवळजवळ दुप्पट येते. बाहेरून दोन्ही पंख्यांची घंटा सारखीच दिसते, कारण घंटेचं माप नक्षीकामावर ठरलेलं असतं. आत १५३ ची मोटर बसवून भोवती चार बोटं मोकळी सोडली तर कुणाला कळणार? वजनावरून थोडा अंदाज येतो, पण लाकडी पाती आणि जाड घंटा तो अंदाजही बिघडवतात. म्हणून सरळ विचारावं: मोटर कितीची? ज्याला उत्तर माहीत नाही त्याच्याकडून असला पंखा घेऊ नये. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत हा प्रश्न विचारला की समोरच्याचा सूर बदलतो, भावही कधी कधी बदलतो.

लहान मोटर मोठी पाती ओढू शकत नाही. मग कारखानदार काय करतो? पात्यांचा तिरपेपणा कमी करतो. पातं जितकं सपाट तितकी त्याला हवा कमी कापावी लागते, मोटरवरचा भार हलका होतो, आणि पंखा छान फिरताना दिसतो. वारा मात्र नसतो. ही सगळ्यात सर्रास चालणारी काटछाट आहे आणि ती पकडणं सगळ्यात सोपं आहे. पात्याची रुंदी मोजा. मग जमिनीपासून, किंवा टेबलावर ठेवलेलं असेल तर टेबलापासून, पात्याच्या वरच्या कडेची आणि खालच्या कडेची उंची मोजा आणि फरक काढा. १३० मिलिमीटर रुंद पात्याला हा फरक २७ मिलिमीटर आला तर तिरपेपणा १२ अंश. ३४ च्या आसपास आला तर १५ अंश, उत्तम. १८ आला तर जेमतेम ८ अंश, आणि तो पंखा शोभेचा समजावा. ब्रॅकेट बसवलेल्या अवस्थेतच मोजायचं, कारण कल पात्यात नसतो, ब्रॅकेटच्या पिळात असतो.

पात्यांची संख्या वाढवली म्हणून वारा वाढत नाही. तीच मोटर, पाचवं पातं. वेग उतरतो आणि पंखा अधिक शांत होतो, एवढंच. सपाट लाकडी फळीपेक्षा वळणदार ॲल्युमिनियमचं पातं तेवढ्याच विजेत जास्त हवा ढकलतं. हल्ली काही चांगल्या नकलांमध्ये एबीएस प्लास्टिकची पाती असतात, वरून लाकडाचा पोत आणि खालून विमानाच्या पंखासारखी गोलाई. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण वाऱ्याला आणि पावसाळ्याला तीच पाती बरी.

पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. स्वस्त नकलांची पाती एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची असतात, त्यावर लाकडाच्या छपाईचा कागद. जून ते सप्टेंबर खिडक्या उघड्या, भिंतींना ओल, आणि कडांना नीट सील नसेल तर एमडीएफ पाणी पितं. आधी कडा फुगतात, मग पातं स्वतःच्या वजनानं टोकाकडे झुकतं. एक पातं जास्त झुकलं की तोल गेला. चांगल्या प्लायची पाती यापेक्षा टिकतात. सागवानाची सर्वांत उत्तम, मात्र लाकूड मुरलेलं हवं, आणि वार्निश सहाही बाजूंनी हवं. भोकांच्या आतल्या लाकडाला हात न लावलेले कितीतरी ‘सागवानी’ पंखे विकले जातात. स्क्रूखाली रबरी किंवा फायबरचा वायसर नसेल तर घालून घ्यावा. लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, स्क्रू ढिला होतो, आणि कट्‌कट् असा जो आवाज रात्री दोनला ऐकू येतो तो बहुधा हाच.

पितळेबद्दल लोकांच्या भोळ्या समजुती आहेत. चुंबक लावून पाहतात, चिकटला नाही की पितळ म्हणून घेतात. चुंबक जस्ताच्या ओतकामालाही चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. फार तर पत्र्याची बॉडी पकडता येते. खरं कळतं ते आतून: वाटीच्या आतल्या बाजूला, स्क्रूच्या भोकाजवळ, सुरीच्या टोकानं बारीक ओरखडा काढावा. पिवळा दिसला तर पितळ, करडा-पांढरा दिसला तर जस्त किंवा ॲल्युमिनियमवर मुलामा. दिव्याची वाटी, साखळी आणि टोकाचा गोळा पितळेचा आणि बाकी सगळं मुलाम्याचं, असाही प्रकार असतो. मुलामा वाईट नव्हे. पुण्याच्या हवेत चांगला मुलामा, वरून लॅकर असेल तर बरीच वर्षं टिकतो. पण हाच पंखा दापोली-गुहागरच्या घरात लावाल तर खाऱ्या वाऱ्यानं मुलाम्याखालून फोड येतात. तिथं ओतीव पितळ घ्यावं नाहीतर सरळ पावडर कोटिंग. खऱ्या पितळेला काळपटपणा येतोच. तो हवासा वाटत नसेल तर तांबट आळीत भांडी चकचकीत करून देणाऱ्याकडून बफिंग करून घेऊन लॅकर मारावं. चिंच-मिठानं घासायचा मोह आवरावा. लॅकर उतरतं आणि पाणी घंटेच्या सांध्यांतून आत जातं.

दिखाऊपणाचा भार ज्या भागावर सर्वांत जास्त पडतो तो म्हणजे पात्याचा ब्रॅकेट. नक्षीदार, मध्ये जाळी कापलेला, जस्ताचा ओतीव. जाळी जिथं सर्वांत नाजूक असते तिथूनच तो तडकतो. हातात घेऊन स्क्रूच्या भोकांभोवती बारीक रेघ, हवेचे फुगे, ओबडधोबड कडा दिसतात का ते पाहावं. चारही ब्रॅकेट टेबलावर एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसले पाहिजेत. बसत नसतील तर पंखा डुलणार, आणि त्याचं खापर बिचाऱ्या फिटरवर फुटणार.

स्थिर घंटेच्या आत मोटर कोंडलेली असते, तेव्हा उष्णता जायला वर भोकं किंवा फटी लागतात. जुन्या बिडाच्या पंख्यांची जाड बॉडीच उष्णता झेलून बाहेर टाकायची. पातळ पत्र्याच्या घंटेला ते जमत नाही. दुकानात पंखा पाच मिनिटं फिरवून दाखवतात, पण मोटर खरी तापायला पाऊण ते एक तास लागतो. घरी पूर्ण वेगावर तासभर चालवावा, मग एमसीबी पाडून घंटेच्या वरच्या बाजूला हात लावावा. दोन-तीन सेकंदही हात ठेवता येत नसेल तर वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं, आयुष्य मोजकं आहे. रेग्युलेटर एकवर ठेवून जड पाती सुरू करण्याची सवय हीसुद्धा मोटर जाळते. पाती हलायच्या आधी नुसतं हूं करत वाइंडिंग तापतं. पाचवर सुरू करावं, वेग आला की खाली आणावं.

रेग्युलेटरचा प्रश्न वेगळाच. डायमरसारखा फिरवायचा जो स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो तो विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि त्या कापण्याचा गुरगुराट मोटरमधून ऐकू येतो. देशी पंख्यात तो वाऱ्याच्या आवाजात लपतो. शांत, सावकाश पंख्यात तो सगळ्या खोलीभर पसरतो, आणि मग मोटरला शिव्या. कंडेन्सरच्या (कपॅसिटरच्या) टप्प्यांचा रेग्युलेटर लावला की निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. साखळीवाल्या पंख्यात वेगाचे टप्पे आतच असतात, तिथं भिंतीवर नुसतं बटण ठेवायचं; दोन्हीकडून वेग आवळला की कंडेन्सर आणि मोटर दोघांचेही हाल.

साखळीजवळ एक छोटं सरकतं बटण असतं, उलटं फिरवायचं. अमेरिकेत थंडीत हीटरची वर साचलेली ऊब खाली आणायला ते उपयोगी. पुण्यात डिसेंबरच्या रात्री आपण हीटर लावत नाही, गोधडी घेतो. इथं या बटणाचं एकच काम: साफसफाईत ते अर्धवट सरकतं, पंखा बंद पडतो आणि इलेक्ट्रिशियन येऊन ते जागेवर नेऊन पैसे घेऊन जातो.

बीएलडीसी मोटरच्या, म्हणजे ब्रशविना, इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या मोटरच्या नकला आल्यापासून चित्र बरंच सुधारलं आहे. साध्या मोटरला ७५ वॉट लागतात तिथं हिला ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर फरक १६२ युनिटांचा. १ जानेवारी २०२३ पासून सिलिंग फॅनना बीईई या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल सक्तीचं झालं, आणि त्यावरचा खरा वाचण्याचा आकडा ताऱ्यांचा नसून सर्व्हिस व्हॅल्यूचा: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले किती वॉट. २०२३ च्या तक्त्यात १२०० च्या पंख्याला ४ च्या पुढे गेलं की पहिला तारा होता आणि ६ च्या पुढे पाचवा. पण हा भागाकार आहे हे विसरू नये. वारा कमी आणि वीज त्याहून कमी असली तरी गुणोत्तर झकास येतं. हवेचा आकडा वेगळा पाहावा, तो १८० च्या खाली असेल तर पाच तारे बघत घाम पुसावा लागेल. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून सरळ जोडणी करावी लागते. आणि हिचा नाजूक भाग मोटर नव्हे, इलेक्ट्रॉनिक कार्ड. ते कार्ड पितळी वाटीत कोंबलेलं असेल तर तापतं, आणि रिमोट रेडिओ लहरींवर चालणारा असेल तर धातूची वाटी त्याचा सिग्नल अडवते. रिसीव्हरची तार वाटीबाहेर काढलेली आहे ना, एवढं पाहावं. सुटं कार्ड मिळतं का, हे बिल करण्याआधी विचारावं.

टांगणीकडे येऊ. नेहमीचा पंखा चार ते सहा किलोचा. ही मंडळी दहा-पंधरा किलोची, आणि बिडाची अस्सल नक्कल त्याहूनही पुढे. स्लॅब भरताना सळयांना बांधून बसवलेल्या फॅन बॉक्सचा हूक गंजलेला नसेल तर भार घेतो. नंतर ठोकलेला एकच अँकर असेल तर नाही. तिथं १० मिलिमीटरचे चार अँकर घेऊन प्लेट मारावी. पीओपीच्या चॅनेलला काहीही टांगू नये, दिव्याखेरीज. जुन्या वाड्यातल्या कडीपाटाला टांगायचा असेल तर तुळईतून आरपार बोल्ट घालून वरून जाड प्लेट द्यावी. झोपाळ्याच्या कड्या आयत्या असतात आणि भक्कमही असतात, पण त्या जिथं असतात तिथं पंखा नको असतो. शॅकलचा (रॉड हुकात अडकवायच्या कडीचा) रबर बुश, नट-बोल्ट आणि स्प्लिट पिन नव्या घालाव्यात, जुन्या पंख्याच्या काढून वापरू नयेत. रॉडपासून हुकापर्यंत एक वेगळी लोखंडी सेफ्टी वायर ओवून ठेवावी.

पात्यांपासून स्लॅबपर्यंत किमान ३०० मिलिमीटर हवं, नाहीतर पंख्याला वरून हवाच मिळत नाही. राहत्या खोलीची उंची नियमानं किमान २.७५ मीटर, बहुतेक फ्लॅट यापेक्षा फार उंच नसतात. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या खाली येता कामा नयेत. मोटर, घंटा आणि रॉड जोडून हे गणित फ्लॅटमध्ये काठावर बसतं, खाली दिवे लावले तर दिवे डोक्याला. कॅम्पातल्या चौदा फुटी बंगल्यात उलटं: तिथं पाच-सहा फुटांचा रॉड लागतो, आणि तो जाड भिंतीच्या पाइपचा नसेल तर पंखा लंबकासारखा झुलतो.

धातूची बॉडी, म्हणून अर्थिंग हवंच. पेठांतल्या जुन्या घरांत छतापर्यंत दोनच वायर गेलेल्या असतात. तिसरी ओढून घ्या, नाही जमलं तर हा पंखा नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर आणखी बरं.

डुलणं काढायचं तर क्रम असा. आधी हूक, बुश, रॉडची आडवी पिन; यातलं काही ढिलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग स्लॅबपासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत मोजा, पंखा हातानं फिरवत, एकाच जागी टेप धरून. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या पात्याचा ब्रॅकेट सावकाश वाकवा किंवा बुडाशी पातळ वायसर घाला. मग पाती उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, पाच ग्रॅमच्या आत यायला हवीत. जड पातं हलक्याच्या समोर येईल अशी अदलाबदल न करता दोन जड पाती समोरासमोर ठेवायची. तरी उरलंच तर तीन-चार ग्रॅमचं नाणं टेपनं एकेका पात्याच्या वर चिकटवून पाहायचं, जिथं डुलणं थांबेल तिथं कायमचं वजन.

घरी बसून वेग मोजायला मोबाइल पुरतो. एका पात्याला पांढरी टेप लावून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि एका फेऱ्याला किती फ्रेम लागतात ते मोजा. ७२ लागल्या तर वेग २००, ३८ लागल्या तर ३८०. वीज मोजायची तर घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा पाहा. मीटरवर युनिटला ३२०० इम्पल्स असं लिहिलेलं असेल तर ७५ वॉटचा पंखा दर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकवतो, ३० वॉटचा साडेसदतीस सेकंदांनी. तिरपेपणा, वेग आणि वॉट हे तीन आकडे हातात आले की पंखा जातीनं सावकाश आहे की अशक्त, ते स्पष्ट होतं. १४ अंश, १९० फेरे: तो तसाच असायचा. ८ अंश, १७० फेरे: परत करा.

पुण्यात दर सोसायटीत दोन-चार घरांची मुलं अमेरिकेत, त्यामुळे तिकडून आणलेला पंखा हाही प्रकार आहे. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा. २३० वर थेट लावला तर धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज सुटतं, पण हर्ट्‌झ ५० च राहतात. वेग सहाव्या हिश्शानं घटतो, मोटरचं लोखंड जास्त भारलं जातं आणि ती जास्त तापते. आधीच सावकाश असलेला पंखा आणखी सावकाश. हौस असेल तर तिकडची घंटा-पाती ठेवून इथल्या रिवायंडिंगवाल्याकडून २३० व्होल्टचं वाइंडिंग भरून घ्यावं. स्टॅम्पिंग चांगलं असतं, काम होतं.

आणि अस्सल जुना पंखा? बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब असेल तर बिडाचा सापडतो. त्यात कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) दिसला तर तो डीसी विजेवरचा आहे. कोलकात्याच्या मध्यवर्ती भागात कित्येक दशकं डीसी पुरवठा होता, तसले पंखे फिरत फिरत कुठेही येतात. घरच्या एसी (आल्टरनेटिंग करंट) विजेवर तो लावायचा नाही. पंखा एसी विजेचा असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरनं (रोध मोजायच्या यंत्रानं) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध पाहावा, २ मेगाओमच्या खाली आला तर आधी वाळवणं, मग जमलं नाही तर रिवायंडिंग. तेलाच्या कुंडीत हलकं मशीन ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. असा पंखा नीट केला की त्याच्यापुढे नव्या नकला हलक्या वाटतात, हे कबूल करायला हवं. मात्र दर दोन-चार वर्षांनी तेल आणि गळतीचा डाग हे त्याच्याबरोबर येतंच.

बॉल बेरिंगच्या नव्या पंख्याला तेल घालू नये. बहुतेकांत ६२०२ नंबरचं बेरिंग असतं, १५ मिलिमीटर भोक, ३५ बाहेरचा व्यास, ११ जाडी. वीज बंद करून पंखा हातानं फिरवा. खरखर जाणवली तर जोडी बदला, रबरी सीलची घ्या, आपल्या धुळीला पत्र्याच्या झाकणापेक्षा ती बरी. पंखा मंदावला आणि बेरिंग चांगलं असेल तर संशय कंडेन्सरवर. देशी पंख्यात तो साधारण अडीच मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा. साखळीवाल्या पंख्यात तीन-चार वायरींचा चौकोनी डबा असतो, आत ४.५, ५, ६ अशा किमती एकत्र, आणि तो बदलताना रंगासकट आकडे जुळवावे लागतात. म्हणून पंखा बसवतानाच वाटीच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं लिहून ठेवा: कंडेन्सरचे आकडे, वायरींचे रंग, बेरिंगचा नंबर, मोटरचं माप. तीन वर्षांनी पंखा उतरवायला येणारा माणूस बहुधा वेगळाच असतो, आणि त्याच्या पिशवीत अडीचचाच कंडेन्सर असतो.